वंदनीय मॅट टालबट : एकेचाळीस वर्षांचा मद्यत्याग

१८८४ सालच्या एका शनिवारी, दुपारच्या वेळी, आयर्लंडमधील डब्लिन शहरात ओमिअरा यांच्या गुत्त्याजवळ २८ वर्षांचा एक मजूर उभा होता. आठवडाभर तो कामावर गेला नव्हता, त्यामुळे खिशात दमडी नव्हती. सोबतचे कामगार पगार घेऊन तेथे येणार हे त्याला ठाऊक होते. स्वतःजवळ पैसे असताना त्याने या मित्रांना कितीदा तरी पाजले होते. मित्र आले, कोणी ओझरते बोलले आणि आत निघून गेले. त्याला आत बोलावले नाही कोणीच. तो घरी परतला. मुलगा शनिवारी इतक्या लवकर आणि शुद्धीवर घरी आलेला पाहून आईला नवल वाटले. जेवण झाल्यावर आपण मद्यत्यागाची शपथ घेण्यास जात आहोत असे त्याने तिला सांगितले. देवाच्या नावाने जा, पण पाळायची नसेल तर घेऊ नकोस, अशा आशयाचे त्या माउलीचे उत्तर होते.

हा मजूर म्हणजे मॅट टालबट. त्यांचा जन्म २ मे १८५६ रोजी डब्लिनमधील एका गरीब वस्तीत झाला. चार्ल्स व एलिझाबेथ टालबट यांच्या १२ मुलांपैकी ते दुसरे. वडील मद्यपी होते आणि बहुतेक भावांनीही पुढे तोच मार्ग धरला. मॅट शाळेत जेमतेम टिकले. शाळेच्या नोंदवहीत त्यांच्या नावापुढे शाळा बुडवणारा असा शेरा आढळतो. वयाच्या बाराव्या वर्षी ते दारू बाटल्यांत भरणाऱ्या एका व्यापाऱ्याकडे कामाला लागले आणि बाटल्यांच्या तळाशी उरलेली दारू पिऊ लागले. पुढे गोदीतील व्हिस्कीच्या गोदामात काम मिळाले. ज्या बालकाने पाटी-पुस्तकाशी खेळायचे, त्याला घरच्या गरिबीने दारूच्या पिंपांमध्ये नेऊन बसवले होते, हे मॅट यांचा दोष मोजताना आम्हाला विसरता येत नाही.

पुढची पंधरा-सोळा वर्षे सारी मजुरी गुत्त्यात जात असे. पैसे संपले की अंगावरचे कपडे व पायांतले बूट गहाण पडत. एकदा तर त्यांनी व त्यांच्या साथीदारांनी रस्त्यावर फिडल वाजवून पोट भरणाऱ्या एका गरीब माणसाचे वाद्यच पळवले आणि ते विकून दारू प्यायली.

त्या शनिवारी मॅट क्लॉनलिफ येथील होली क्रॉस महाविद्यालयात गेले. तेथे धर्मगुरूंपाशी पापनिवेदन करून त्यांनी शपथ घेतली, ती केवळ तीन महिन्यांची. एवढासा काळही त्यांना डोंगराएवढा वाटला. मुदत संपताच पुन्हा पिणार, असे ते आईला म्हणत, अशी आठवण सांगितली जाते. तीन महिने सरले तेव्हा मात्र त्यांनी सहा महिन्यांची शपथ घेतली आणि त्यानंतर आयुष्यभराची. एका रात्रीत पालटलेल्या संतांच्या कथा आपल्याला प्रिय असतात. मॅट यांचे तसे नव्हते. देवकृपा त्यांना हप्त्याहप्त्याने मिळाली, असे म्हटले तर वावगे होणार नाही.

संध्याकाळ हा त्यांचा खरा शत्रू होता. काम सुटले की पाय आपोआप गुत्त्याकडे वळत. म्हणून ते ओळखीचे कोणी भेटणार नाही अशा दूरच्या चर्चमध्ये जाऊन बसत. एकदा मोह अनावर होऊन ते एका गुत्त्यात शिरलेही. गर्दीत कोणाचे त्यांच्याकडे लक्ष गेले नाही, तेव्हा ते तसेच बाहेर पडले. त्या दिवसापासून त्यांनी जवळ पैसे बाळगणे सोडून दिले. पहाटे पाच वाजता गार्डिनर स्ट्रीटवरील संत फ्रान्सिस झेवियर चर्चमध्ये मिस्सा, नंतर दिवसभराची मजुरी आणि रात्री प्रार्थना, हा त्यांचा नेम झाला. जुनी देणी त्यांनी एकेक करून फेडली. एक देणे मात्र राहून गेले. त्या फिडलवाल्याला त्यांनी डब्लिनभर शोधले, पण तो सापडला नाही. अखेर त्याच्यासाठी त्यांनी मिस्सा अर्पण करविल्या. पाप क्षमा झाले तरी ज्याचे नुकसान केले तो माणूस त्यांच्या मनातून गेला नव्हता.

१८९० साली ते फ्रान्सिस्कन तृतीय संघात सामील झाले. इमारती लाकडाच्या वखारीत ते हमाल म्हणून राबले, पण हा अल्पशिक्षित माणूस संत ऑगस्टीन व अव्हिलाची संत तेरेजा यांचे ग्रंथ चिकाटीने वाचत असे. न समजलेले धर्मगुरूंना विचारून घेत असे. लेकुरवाळ्या सहकाऱ्यांना ते आपल्या मजुरीतून मदत करीत. १९१३ च्या मोठ्या टाळेबंदीत तेही कामगार बांधवांसोबत बाहेर राहिले. आईला त्यांनी अखेरपर्यंत सांभाळले. १९१५ साली ती वारली आणि त्यानंतर ते एकटेच राहिले. फळीवर निजायचे, उशाला लाकडाचा ठोकळा घ्यायचा आणि मध्यरात्रीनंतर प्रार्थनेसाठी उठायचे, असे त्यांचे जीवन होते.

७ जून १९२५ रोजी, पवित्र त्रैक्याच्या सणाच्या रविवारी, मिस्सेला जात असता ग्रॅनबी लेन या गल्लीत ते कोसळले व मरण पावले. रुग्णालयात त्यांचे कपडे उतरवले तेव्हा अंगावर साखळ्या आढळल्या. पवित्र मरियेच्या दास्यत्वाची खूण म्हणून आध्यात्मिक मार्गदर्शकाच्या संमतीने ते त्या धारण करीत. या साखळ्यांचीच चर्चा फार होते. आम्हाला मात्र त्यांपेक्षा तो रिकामा खिसा अधिक मोलाचा वाटतो. साखळी त्यांच्या खास पाचारणाची होती, रिकामा खिसा आपल्या धर्मग्रामातील कोणालाही वापरता येईल. व्यसन हा आजार आहे आणि त्यावर वैद्यकीय उपचार घ्यावेत, हे आज आपण जाणतो. मॅट यांच्या काळी तसे उपचार मजुराच्या वाट्याला येत नसत.

ग्लासनेव्हिन स्मशानभूमीत त्यांचे दफन झाले. १९७२ साली त्यांचे अवशेष शॉन मॅकडरमट स्ट्रीटवरील लूर्द माता चर्चमध्ये आणण्यात आले. ३ ऑक्टोबर १९७५ रोजी पोप सहावे पॉल यांनी त्यांना वंदनीय घोषित केले. लूर्द माता चर्चमधील त्यांच्या शवपेटीपाशी व्यसनाशी झुंजणारी माणसे आणि त्यांच्या आया-बायका प्रार्थनेसाठी येतात.