तुटलेल्या तारेत कबुतरं बसवणारा माणूस

पेपरात परदेशातली बातमी वाचताना 'रॉयटर' हा शब्द बऱ्याचदा दिसतो. मैत्रिणींनो, हे एका माणसाचं आडनाव, तेही त्याने स्वतःच घेतलेलं!

1816 साली जर्मनीतल्या कासेलमध्ये एका ज्यू धर्मगुरूच्या घरी तो जन्मला. नाव इस्राएल बेअर योसाफाट. तरुणपणी गॉटिंगेन गावात काकांच्या बँकेत तो कारकुनी करायचा. तारेतून संदेश पाठवण्याचे प्रयोग करणारे मोठे गणिती गाउस यांची ओळख त्याला तिथेच झाली. 1845 मध्ये लंडनला जाऊन तो ख्रिस्ती झाला, पॉल ज्युलियस रॉयटर म्हणवू लागला आणि आठवड्याभरात इडा माग्नसशी लग्न केलं.

पुढची काही वर्षं नुसती ओढाताण. बर्लिनमध्ये पुस्तक प्रकाशनाचा धंदा, मग 1848 च्या राजकीय गडबडीत पॅरिसला पळ. तिथे आवासच्या वृत्तसंस्थेत नोकरी, आणि 1849 मध्ये स्वतःचं बातमीपत्र. फ्रेंच पेपरांतला मजकूर जर्मनमध्ये करायला इडाही पदर खोचून (तिच्याकडे पदर नव्हता म्हणा!) बसायची. तरी ते बुडालंच. संस्थेला नाव नवऱ्याचं लागलं, पण त्या दिवसांतले तिचे कष्ट कुणी मोजले?

मग आलं 1850. बर्लिनहून आखेनपर्यंत तार आली होती, पॅरिसहून ब्रुसेल्सपर्यंतही. मध्ये सव्वाशे किलोमीटरभर तारच नाही! आगगाडीला तिथे सहाएक तास लागत. रॉयटरने पाळीव कबुतरं ठरवली. ती दोनेक तासांत पोचत. पण कबुतर फक्त आपल्या घरी परततं, म्हणून त्यांना रोज गाडीने ब्रुसेल्सला न्यायचं आणि चिठ्ठी बांधून आखेनकडे सोडायचं. चिठ्ठीत असायचे मुख्यतः शेअरचे भाव. ज्याला भाव आधी कळला, त्याचा फायदा. वेळेला किंमत असते म्हणतो ना, ती याने रोख वसूल केली!

तार जोडली गेली आणि कबुतरांचं काम संपलं. 1851 मध्ये इंग्लंड-फ्रान्स समुद्राखालची तार सुरू होताना तो लंडनला हजर. शेअर बाजाराजवळ दोन खोल्यांचं ऑफिस थाटलं. व्यापारी आले, पेपरवाले मात्र बधेनात. 1858 मध्ये त्याने 'मॉर्निंग ॲडव्हर्टायझर'च्या संपादकांना पंधरा दिवस बातम्या फुकट देऊ केल्या. दुकानदार नव्या साबणाची वडी देतो, तशीच युक्ती. ती लागू पडली आणि बाकीचेही आले. 1866 मध्ये रॉयटरचं ऑफिस आपल्या मुंबईत उघडलं. इथल्या कापूस व्यापाऱ्यांना लिव्हरपूलचा भाव हवा असे.

पैसा आला तशी हावही आली, असं मला वाटतं. 1872 मध्ये त्याने इराणच्या शहाकडून रेल्वे, खाणी, जंगलं, कालवे असा जवळजवळ सगळा देशच मक्त्याने घेतला. तिथे लोक खवळले, रशियाही बिथरला. पुढच्याच वर्षी शहाला तो करार मोडावा लागला.

1878 मध्ये कारभार मुलाकडे, हर्बर्टकडे गेला. 25 फेब्रुवारी 1899 ला फ्रान्समधल्या नीसमध्ये रॉयटर वारला. दफन लंडनला, वेस्ट नॉरवुडच्या दफनभूमीत झालं.