‘पॉइंट ४४ मॅग्नम’मागचा गुराखी

१९७१ साली प्रदर्शित झालेल्या ‘डर्टी हॅरी’ या चित्रपटातला क्लिंट ईस्टवूडचा करारी पोलीस अधिकारी आणि त्याच्या हातातले लांब नळीचे अजस्र रिव्हॉल्वर हॉलिवूडच्या चाहत्यांना नव्याने सांगायला नको. चित्रपट गाजला आणि त्या रिव्हॉल्वरसाठी अमेरिकेतल्या बंदूकविक्रेत्यांच्या दुकानांत ग्राहकांची रीघ लागली. मात्र त्यात भरले जाणारे ‘पॉइंट ४४ मॅग्नम’ हे काडतूस सॅन फ्रान्सिस्कोच्या रस्त्यांवरील चकमकींसाठी जन्माला आलेच नव्हते. आयडाहो राज्याच्या डोंगराळ भागात घोड्यावरून गुरे राखणाऱ्या आणि शिकाऱ्यांना वाट दाखवणाऱ्या एका बुटक्या, काटक माणसाने त्याचा ध्यास घेतला होता. कमरेच्या रिव्हॉल्वरने जवळच्या पल्ल्यावर हरीण टिपायचे, तर ते एका गोळीत, फारशा यातना न होता मरावे, अशी त्याची अपेक्षा होती. या माणसाचे नाव एल्मर कीथ.

कीथ यांचा जन्म ८ मार्च १८९९ रोजी मिसूरी राज्यातील हार्डिन या गावी झाला. पुढे कुटुंब पश्चिमेकडे मोंटाना राज्यात स्थलांतरित झाले. तेथे १९११ साली, वयाच्या अवघ्या बाराव्या वर्षी, त्यांच्यावर मोठा आघात झाला. मिसुला शहरात ते राहत असलेल्या इमारतीला आग लागली आणि त्यात ते गंभीररीत्या भाजले. हा मुलगा जगेल अशी आशा डॉक्टरांनाही नव्हती. तो जगला, परंतु त्याचा डावा हात आकसून वाकडा झाला होता. अखेर घरातल्या घरात, असह्य वेदना सोसून, तो हात पुन्हा सरळ करण्यात आला. भाजल्याचे व्रण मात्र जन्मभर सोबतीला राहिले. पुढील आयुष्यात कीथ यांनी उजव्याप्रमाणेच डाव्या हातानेही अचूक नेम साधला.

मोंटानातल्या हेलेना शहरात त्या काळी यादवी युद्धात लढलेली म्हातारी माणसे हयात होती. रिव्हॉल्वर कसे धरावे, श्वास कधी रोखावा आणि चाप किती अलगद दाबावा, याचे पहिले धडे कीथ यांनी त्यांच्याकडून घेतले. औपचारिक शिक्षण बेताचे झाले. बिनलगामी घोडे माणसाळवणे, गुरे हाकणे, खेचरांच्या पाठीवर सामान लादून शिकाऱ्यांचे तांडे डोंगरात नेणे ही त्यांची कामे. १९२६ मध्ये लॉरेन यांच्याशी त्यांचा विवाह झाला आणि पुढे सॅमन नदीच्या खोऱ्यात नॉर्थ फोर्क येथे या दांपत्याने आपले छोटेसे कुरण वसवले.

हरणाच्या शिकारीला लांब पल्ल्याची रायफल असताना रिव्हॉल्वरचा हट्ट कशासाठी, असा प्रश्न शहरी वाचकाला पडणे स्वाभाविक आहे. उत्तर गुराख्याच्या दिनक्रमात दडलेले आहे. रायफल असते घोड्याच्या खोगिराला बांधलेली. घोडा उधळला, स्वार खाली पडला, की रायफल घोड्याबरोबर जाते. कमरेचे रिव्हॉल्वर तेवढे माणसाजवळ उरते. दाट झुडपांत पंधरा-वीस पावलांवर अचानक हरीण उभे राहिले, तर हाताशी असते तेही हेच. साहजिकच या हत्याराने जनावर धड मरणार नसेल, तर ते झाडणेच अयोग्य, अशी कीथ यांची धारणा बनली.

आणि नेमकी अडचण तिथेच होती. रायफलची गोळी सेकंदाला आठशे ते नऊशे मीटर वेगाने जाते. त्या वेगामुळे शरीरात जो धक्का बसतो, तो गोळीच्या मार्गाबाहेरचे अवयवही निकामी करतो. रिव्हॉल्वरच्या गोळीपाशी एवढा वेग नसतो. तिने जेवढे छिद्र पाडले, तेवढेच तिचे काम. १९०७ मध्ये बाजारात आलेल्या ‘पॉइंट ४४ स्पेशल’ या काडतुसातली सुमारे सोळा ग्रॅम वजनाची गोळी सेकंदाला जेमतेम २३० मीटर वेगाने जात असे. शिवाय तिचे टोक गोलाकार. असे टोक मांसातून बोट फिरावे तसे सरकत जाते. मागे राहते ती अरुंद, पटकन मिटणारी जखम. हरीण पळून जाते आणि कित्येक तासांनी कुठेतरी झुडपात तडफडून मरते. शिकाऱ्याला ते सापडतही नाही.

यावर उपाय म्हणून कीथ यांनी प्रथम जो मार्ग धरला, तो त्यांच्या हातावर बेतणारा ठरला. जुन्या ‘पॉइंट ४५ कोल्ट’ रिव्हॉल्वरच्या काडतुसांत त्यांनी रायफलच्या जड गोळ्या आणि दारूचा ठासून बार भरला. १९२५ साली एका बाराला रिव्हॉल्वरचे सिलिंडरच फुटले आणि वरची पट्टी उडून गेली. थोडक्यात बचावलेल्या कीथ यांनी त्यातून पुढील वाट शोधली. ‘४५’च्या मानाने ‘४४’चे छिद्र लहान, म्हणून त्याच आकाराच्या सिलिंडरमध्ये प्रत्येक काडतुसाभोवती पोलादाची भिंत अधिक जाड उरते. अधिक दाब सोसण्याची ताकद तिच्यात होती. तेव्हापासून ‘४४’ हाच त्यांच्या प्रयोगांचा विषय झाला.

१९२० च्या दशकाच्या अखेरीस त्यांनी गोळीचा नवा आकार तयार केला. टोकाला गोलाईऐवजी रुंद, सपाट पृष्ठभाग. त्यामागे काटकोनात उठलेला धारदार खांदा. नळीच्या आट्यांत घट्ट बसतील असे तीन रुंद पट्टे आणि वंगणासाठी खोल खाच. ‘लायमन’ या कंपनीने या आकाराचे साचे विक्रीस आणले. वजन सुमारे सोळा ग्रॅम, म्हणजे जुन्या गोळीएवढेच. परंतु बाराची जोड मिळून वेग सेकंदाला सुमारे ३६५ मीटरवर गेला आणि सपाट टोक मांसातून सरकण्याऐवजी पूर्ण रुंदीचे छिद्र कापत जाऊ लागले. आजही शिकारी या आकाराला ‘कीथ गोळी’ म्हणूनच ओळखतात.

जवळच्या पल्ल्यासाठी काडतूस निवडण्याचे कीथ यांचे शास्त्र या एका गोळीत सामावले आहे. पल्ला जेवढा जवळचा, तेवढा गोळीचा वेग जास्त, म्हणून हलकी आणि वेगवान गोळी अधिक चांगली, असा सर्वसाधारण समज असतो. प्रत्यक्षात हलकी, पोकळ टोकाची गोळी जवळून झाडली की कातडीखालीच फुलते आणि खांद्याच्या हाडाशी थबकते. वरवर भीषण दिसणारी ही जखम हृदय-फुप्फुसांपर्यंत पोहोचतच नाही. स्वसंरक्षणासाठी बनवलेली बहुतेक काडतुसे हरणाच्या बाबतीत याच कारणाने फसवी ठरतात. जड, टणक, सपाट टोकाची गोळी मात्र हाड फोडूनही सरळ जाते आणि पलीकडच्या बाजूने बाहेर पडते. छिद्रे दोन झाली की रक्तस्राव जलद होतो, जनावर लवकर कोसळते आणि चार पावले पळालेच, तरी रक्ताच्या मागावरून शोधता येते. मांसाची नासाडीही कमी होते. स्वतःच्या ताटात येणाऱ्या शिकारीचा विचार करणाऱ्या कीथ यांना हा मुद्दा विशेष महत्त्वाचा वाटे.

१९३५ मध्ये ‘स्मिथ अँड वेसन’ कंपनीने ‘पॉइंट ३५७ मॅग्नम’ आणले, तेव्हा मॅग्नम युग सुरू झाले. सुमारे दहा ग्रॅमची वेगवान गोळी पाहून अनेक जण भारावले. कीथ यांचे समाधान झाले नाही. हरणासाठी ती चालेल. पण तिला वजन आणि रुंदी हवी, असे त्यांचे मत कायम राहिले. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात युटा राज्यातील ऑग्डेन शस्त्रागारात त्यांनी शस्त्रतपासनीस म्हणून काम केले. लेखन सुरूच होते. ‘४४’साठी अधिक ताकदीचे काडतूस कारखान्यातच तयार करा, असा आग्रह त्यांनी नियतकालिकांतून आणि पत्रव्यवहारातून वर्षानुवर्षे धरला. दाब वाढला तर जुनी, कमकुवत रिव्हॉल्वरे फुटतील, अशी कंपन्यांची रास्त भीती होती. १९२५ चा अनुभव असलेल्या कीथ यांना ती समजत होती. काडतुसाची पितळी नळी थोडी लांब करा, म्हणजे ते जुन्या रिव्हॉल्वरमध्ये बसणारच नाही, हा त्यावरचा साधा तोडगा होता.

अखेर १९५५ च्या अखेरीस ‘रेमिंग्टन’ आणि ‘स्मिथ अँड वेसन’ यांनी मिळून ‘पॉइंट ४४ मॅग्नम’ सिद्ध केले. नळी ‘४४ स्पेशल’पेक्षा एक अष्टमांश इंचाने लांब होती. कीथ तेव्हा ५६ वर्षांचे होते. मात्र कंपनीने त्यांच्या मागणीपेक्षा अधिक वेग दिला आणि गोळी मात्र मऊ शिशाची ठेवली. नळीत शिसे चिकटून अचूकता बिघडते, अशी तक्रार कीथ यांनी उघडपणे केली. स्वतःसाठी ते आपलीच टणक गोळी, कारखान्याच्या बारापेक्षा काहीशा सौम्य बाराने भरत राहिले. सर्वांत शक्तिशाली रिव्हॉल्वरसाठी तीन दशके झगडलेला हा माणूस शक्तीच्या आकड्यांवर कधीच भाळला नव्हता. काबूत न राहणारा झटका बसला की पुढचा नेम चुकतो आणि जनावर जखमी होते, हे त्यांना अनुभवाने ठाऊक होते.

तथापि, ज्या एका प्रसंगाने कीथ यांच्या नावाभोवती आयुष्यभर वादळ घोंघावत राहिले, तो जवळच्या पल्ल्याचा नव्हता. नवे रिव्हॉल्वर हाती आल्यानंतर एका शिकारीत सहकाऱ्याच्या गोळीने एका म्यूल डिअर जातीच्या हरणाचा पाय मोडला आणि ते दूर डोंगराच्या कडेने निसटू लागले. कीथ यांनी सुमारे सहाशे यार्डांवरून, म्हणजे साडेपाचशे मीटरवरून, रिव्हॉल्वर झाडले. पहिल्या काही गोळ्या चुकल्या. नंतर मात्र हरीण टिपले गेले. हे त्यांनी लिहिताच अनेकांनी त्यांना थापाड्या ठरवले. काहींनी बेजबाबदारपणाचा ठपका ठेवला. धडधाकट जनावरावर एवढ्या अंतरावरून आपण गोळी झाडलीच नसती, जखमी जनावराला तसेच जाऊ देणे मनाला पटले नाही, अशी त्यांची बाजू होती. त्यांच्या शब्दावर विश्वास ठेवावा की नाही, हा वाद आजही मिटलेला नाही. पण जखमी जनावराची जबाबदारी शिकाऱ्यावरच असते, हा त्यातला मुद्दा टीकाकारांनाही नाकारता आला नाही.

दुसरा वाद जॅक ओकॉनर यांच्याशी होता. ‘आउटडोअर लाइफ’ या मासिकाचे हे लोकप्रिय लेखक हलक्या, वेगवान गोळीच्या रायफलचे पुरस्कर्ते; तर कीथ जड गोळीचे. एक महाविद्यालयात शिकवलेला, सफाईदार शैलीचा. दुसरा गुराख्याच्या रांगड्या भाषेत लिहिणारा. दोघांनी एकमेकांवर भरपूर टीका केली. मागे वळून पाहता दोघेही आपापल्या जागी बरोबर होते, असे म्हणावे लागते. रायफलच्या वेगाला ओकॉनर यांचे गणित लागू पडते, रिव्हॉल्वरच्या मर्यादित वेगाला कीथ यांचे.

१९५५ मध्ये ‘सिक्सगन्स’ हा त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. १९७३ मध्ये अमेरिकेतील सर्वोत्कृष्ट पिस्तूलधारी म्हणून दिला जाणारा पुरस्कार पहिल्याच वर्षी त्यांना मिळाला. मोठ्या काठाची हॅट आणि ओठांत चिरूट ही त्यांची छबी वाचकांच्या परिचयाची झाली होती. १९८१ मध्ये पक्षाघाताने त्यांची लेखणी थांबवली. १४ फेब्रुवारी १९८४ रोजी त्यांचे निधन झाले.

भारतात वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ पासून लागू आहे आणि हरणाची शिकार हा येथे गुन्हा आहे. अमेरिकेत ती परवान्याने, ठरावीक हंगामात होते आणि कोणते रिव्हॉल्वर, कोणते काडतूस चालेल याचे नियम अनेक राज्यांनी घालून दिले आहेत. हरणाचे मर्मस्थान जेमतेम वीस सेंटिमीटर व्यासाचे असते. ज्या अंतरावरून आपल्या सगळ्या गोळ्या तेवढ्या वर्तुळात बसतात, तीच आपली मर्यादा, असे तेथील जाणते शिकारी नवशिक्यांना बजावतात. रिव्हॉल्वर हाती असेल, तर बहुतेकांसाठी ती मर्यादा पन्नास यार्डांच्या आतच संपते.

कीथ यांचे सगळेच आज टिकलेले नाही. शिशाचे सूक्ष्म कण मांसात राहतात आणि टाकून दिलेल्या अवशेषांवर जगणाऱ्या गिधाडांना विषबाधा होते, हे नंतरच्या संशोधनाने दाखवून दिले. कॅलिफोर्नियाने १ जुलै २०१९ पासून शिकारीत शिशाच्या गोळ्यांवर पूर्ण बंदी घातली. आता तांब्याच्या गोळ्या वापरल्या जातात. तांबे शिशापेक्षा हलके असल्याने तेवढ्याच वजनाची गोळी लांब होते आणि निवडीचे गणित नव्याने मांडावे लागते. मात्र या नव्या गोळ्यांतही रिव्हॉल्वरसाठी सपाट, रुंद टोकाचा आकार आढळतो. आयडाहोतल्या एका गुराख्याने स्वयंपाकघराच्या टेबलावर बसून तपासलेला प्रश्न त्या आकारात अजून तसाच आहे. गोळी झाडायचीच असेल, तर जनावराला किती यातना होतील, याचा विचार चाप ओढण्याआधी व्हायला हवा.