लीळासंग्राहक म्हाइंभट

मराठी गद्याच्या आरंभकाळाचा विचार निघाला की लीळाचरित्राचा उल्लेख होतो आणि त्यासोबत म्हाइंभटांचे नावही आदराने घेतले जाते. तथापि ग्रंथाच्या थोरवीखाली ग्रंथकाराचे चरित्र काहीसे झाकले गेले आहे. रणांगणावरील शौर्याच्या कथा लोकांच्या मनात सहज रुजतात. एखाद्या विद्वानाने आपल्याच विद्येच्या अभिमानाशी दिलेली झुंज मात्र फारशी कोणाच्या ध्यानी राहत नाही. म्हाइंभटांचे धैर्य ह्या दुसऱ्या जातीचे होते.

ते गोदावरीखोऱ्यातील सराळे गावचे. घर संपन्न, कुळ प्रतिष्ठित. गणपती आपयो ह्या शास्त्रज्ञ पंडितांची कन्या देमाइसा ही त्यांची पत्नी. यादवांच्या राज्यात तेव्हा विद्येला मोठा मान होता आणि वादसभेत प्रतिपक्षाला निरुत्तर करणे हाच पांडित्याचा निकष मानला जाई. म्हाइंभट ह्या निकषाला पुरेपूर उतरले. त्या यशाने त्यांचा गर्व इतका वाढला की ते भर दिवसा दिवटी पाजळून चालत, असे पंथपरंपरा सांगते. आपल्या विद्येपुढे इतरत्र अंधारच आहे, असा त्याचा अभिप्राय होता.

सर्वज्ञ श्रीचक्रधर स्वामींचे वास्तव्य गोदातीरी डोमेग्रामी असताना म्हाइंभट तेथे आले. येण्यामागे जिज्ञासेपेक्षा वाद जिंकण्याची ईर्षा अधिक होती. परंतु ज्या शास्त्राच्या बळावर त्यांनी अनेकांची तोंडे बंद केली होती, ते शास्त्र तेथे कामास आले नाही. मोक्षाचा विचार निघताच शब्दज्ञान आणि अनुभव ह्यांतील अंतर त्यांच्या लक्षात आले आणि वादास आलेला पंडित निरुत्तर झाला.

ह्या भेटीनंतर त्यांनी लागलीच अनुसरण केले असते, तर कथा सरळ झाली असती. तसे घडले नाही. म्हाइंभट आपल्या गावी, आपल्या वैभवात परतले. इकडे इ. स. १२७४ च्या सुमारास स्वामींनी उत्तरापंथे गमन केले. सन्निधानाचा काळ संपला आणि त्यानंतर म्हाइंभटांनी घर, धन व मान ह्यांचा त्याग करून श्रीनागदेवाचार्यांस, म्हणजे भटोबासांस अनुसरले. ज्यांच्या चरणांशी राहावयाचे, ते दृष्टीआड झाल्यावर ते मार्गास लागले. हा उशीर भरून निघण्यासारखा नव्हता.

भटोबास त्या काळी श्रीगोविंदप्रभूंच्या सेवेत ऋद्धिपुरी होते. ते एकांती बसून स्वामींच्या एकेका लीळेचे मनन करीत. म्हाइंभटांनी ते पाहिले आणि एक गोष्ट त्यांच्या मनात स्पष्ट झाली. आज ज्यांनी स्वामींना पाहिले, ऐकले, ती माणसे आहेत. उद्या ती नसतील, आणि त्यांच्यासोबत हे सर्व स्मरणही लोपेल. पुढे येणाऱ्या अनुयायांनी मनन कशाचे करावे? लीळा लिहून ठेवण्याची अनुज्ञा त्यांनी भटोबासांकडे मागितली आणि भटोबासांनी ती दिली. इ. स. १२७८ च्या सुमारास वाजेश्वरी येथे हे कार्य झाले, असे मानले जाते.

कार्याचे स्वरूप ध्यानी घेतले म्हणजे त्यातील कठीणपणा कळतो. भटोबासांना ज्या लीळा ठाऊक होत्या, त्या त्यांनी सांगितल्या. ज्या इतरांसमोर घडल्या, त्या त्या त्या माणसाकडूनच मिळावयाच्या होत्या. त्यासाठी म्हाइंभट गावोगाव हिंडले. ज्याने जे पाहिले ते त्याच्याच तोंडून ऐकावे, भटोबासांपुढे ठेवावे, पारखून घ्यावे आणि मगच लिहावे, असा त्यांचा क्रम होता. साक्ष देणाऱ्यांत महदाइसेसारखी चिकित्सक बुद्धीची साधिका होती, तशी अक्षरओळख नसलेली साधी माणसेही होती. एके काळी पंडितांनाही तुच्छ लेखणारा हा माणूस आता त्यांच्यापुढे श्रोता होऊन बसला.

संस्कृतात ग्रंथरचना करणे त्यांना सहज शक्य होते आणि त्यात कीर्तीही होती. परंतु संस्कृताने साध्या बायाबापड्या धर्मास मुकतील, ही भटोबासांची दृष्टी होती. म्हाइंभटांनी लोकांच्या मराठीतच लिहिले. अलंकार घातले नाहीत, पांडित्य मिरवले नाही. गावाचे नाव, बिढार, अन्नवस्त्र, बोलणाऱ्याची ढब हे सर्व जसे ऐकले तसे ठेवले. म्हणूनच एकांक, पूर्वार्ध आणि उत्तरार्ध ह्या तीन भागांतून तेराव्या शतकातील महाराष्ट्राचे जनजीवनही जिवंत राहिले.

ह्या संग्रहात स्वतः म्हाइंभटही आहेत. डोमेग्रामी आलेला तो गर्विष्ठ वादी आणि त्याचे निरुत्तर होणे ग्रंथात नोंदलेले आहे. लेखणी त्यांच्या हाती होती. प्रसंग गाळणे वा सौम्य करणे अवघड नव्हते. परंतु इतरांच्या साक्षीला जो नियम लावला, तोच त्यांनी आपल्या मानभंगालाही लावला. दिवटी पाजळणाऱ्या पंडितापासून ह्या लेखकापर्यंतचे अंतर हेच त्यांच्या आयुष्याचे सार होय.

इ. स. १२८७ च्या सुमारास श्रीगोविंदप्रभूंचे प्रयाण झाले आणि त्यांचे चरित्रही म्हाइंभटांनीच सिद्ध केले. पुढे केसोबासांनी लीळांतून वचने निवडून सूत्रपाठ रचला, तसेच ११४ दृष्टांतांचा दृष्टांतपाठ सिद्ध केला. लीळांचा संग्रह नसता तर ह्या दोन्ही ग्रंथांस आधारच उरला नसता.

इ. स. १२९६ मध्ये अल्लाउद्दीन खिलजीची देवगिरीवर स्वारी झाली आणि १३१८ पर्यंत यादवसत्ता लयास गेली. त्या धामधुमीत लीळाचरित्राची मूळ पोथी हरपली. तेव्हा हिराइसेसारख्या साधिकेच्या मुखोद्गत पाठामुळे लीळा पुन्हा लिहिता आल्या. पुढे सकळादी सांकेतिक लिप्यांत हे वाङ्मय शतकानुशतके जपले गेले आणि त्या लिपींची उकल विसाव्या शतकाच्या आरंभी झाल्यावरच पंथाबाहेरील महाराष्ट्राला म्हाइंभटांची ओळख पटू लागली.

माणसांच्या स्मरणातून म्हाइंभटांनी पोथी सिद्ध केली होती. पोथी गेली तेव्हा स्मरणानेच ती परत दिली. सन्निधानास उशिरा पोहोचलेल्या ह्या पुरुषाने, त्यानंतर येणाऱ्या कोणासही लीळांना मुकावे लागणार नाही, अशी तजवीज करून ठेवली. आज जो साधक प्रातःकाळी एखादी लीळा आठवीत बसतो, तो त्या तजविजीचाच लाभ घेत असतो.