आला होता एका कामाला...

शाळा-कॉलेजांच्या स्नेहसंमेलनांचे दिवस जवळ आले, की आमच्या आळीतली मुले हटकून माझ्याकडे येतात. दहा मिनिटांचे नाटुकले बसवायचे असते आणि विषय हवा असतो. खरे तर बहुतेकांच्या मनात विषय आधीच ठरलेला असतो: हुंडा, प्रदूषण, भ्रष्टाचार. मग आठ मिनिटे आरडाओरडा आणि शेवटची दोन मिनिटे प्रेक्षकांना उपदेश! अशा वेळी मी त्यांना विषय देत नाही; एका रशियन डॉक्टरची गोष्ट सांगतो.

अंतॉन चेकॉव्हचा जन्म 1860 सालचा, आझॉव्ह समुद्राकाठच्या तागानरोग गावातला. आजोबा भूदास होते. पै-पै साठवून त्यांनी कुटुंबाचे स्वातंत्र्य विकत घेतले होते. वडिलांचे किराणा मालाचे दुकान होते आणि लहानग्या अंतॉनला तासन् तास गल्ल्यावर बसावे लागे. दुकानात बसलेल्या कुणालाही एक गोष्ट ठाऊक असते. गिऱ्हाईक येते साखरेला, पण बोलते जावयाबद्दल, दुखऱ्या गुडघ्याबद्दल, शेजाऱ्याच्या कुत्र्याबद्दल. साखर हे निमित्त. माणूस निराळेच काही घेऊन आलेला असतो.

1876 मध्ये दुकान बुडाले. सावकारांच्या धाकाने वडील मॉस्कोला पळाले, पाठोपाठ घरची मंडळीही गेली. सोळा वर्षांचा अंतॉन शाळा पुरी करण्यासाठी गावातच राहिला. शिकवण्या करून पोट भरायचे आणि त्यातूनच घरी पैसे पाठवायचे, अशी तीन वर्षे त्याने काढली. 1879 मध्ये तो मॉस्कोला आला, वैद्यकीच्या वर्गात बसला आणि घर चालवण्यासाठी विनोदी साप्ताहिकांत लिहू लागला. ‘अंतोशा चेखोन्ते’ हे त्याचे टोपणनाव. एका संपादकाची अट असे, मजकूर शंभर ओळींच्या आसपास हवा. या शंभर ओळींवर आईवडील आणि धाकटी भावंडे जेवत होती. स्फूर्तीची वाट पाहत बसणे त्याला परवडणारेच नव्हते!

कोरोलेंको या लेखकमित्राने एक आठवण लिहून ठेवली आहे. गोष्टी कशा सुचतात, असा विषय निघाला, तेव्हा चेकॉव्हने टेबलावर नजर फिरवली, हाताला आली ती रक्षापात्री उचलली आणि हवी असेल तर उद्या हिच्यावर गोष्ट तयार मिळेल, असे सांगितले. यात बढाई नव्हती. वस्तू कोणतीही चालते, तिच्याभोवती माणूस उभा करता आला पाहिजे, एवढेच.

1884 मध्ये तो डॉक्टर झाला. दवाखान्यात तरी दुसरे काय घडते? रोगी पोटदुखी सांगत येतो आणि बोलता बोलता खरे दुखणे बाहेर पडते.

आता त्याच्या छोट्या नाटकांकडे पाहा. ‘अस्वल’ 1888 मध्ये मॉस्कोच्या कोर्श नाट्यगृहात रंगभूमीवर आले. एक तरुण विधवा सात महिने घराबाहेर पडलेली नाही. नवऱ्याने घोड्यांसाठी घेतलेल्या ओटचे बाराशे रूबल थकले आहेत, ते वसूल करायला एक रांगडा जमीनदार येतो. शब्दाला शब्द वाढतो, प्रकरण पिस्तुलांवर जाते आणि पडदा पडतो तो दोघांच्या मिठीवर. नवऱ्याच्या लाडक्या घोड्याला आज जादा ओट घाला, असे सुरुवातीला सांगणारी ती बाई शेवटी म्हणते, आज त्याला ओट अजिबात नको. मन पालटले हे सांगायला एवढे एकच वाक्य!

त्याच सुमारास लिहिलेल्या ‘मागणी’ या नाटकात एक गृहस्थ लग्नाची मागणी घालायला येतो आणि कुरणाच्या मालकीवरून भांडू लागतो. ते मिटते न मिटते तोच कुणाचा कुत्रा श्रेष्ठ, यावरून पुन्हा जुंपते. बांधावरून तीन-तीन पिढ्या कोर्टाची पायरी चढणाऱ्या आपल्या लोकांना हे वेगळे समजावून सांगायला नको.

मात्र या सगळ्यांत मला मोठे वाटते ते त्याचे सर्वांत लहान नाटुकले, ‘तंबाखूचे दुष्परिणाम’. रंगमंचावर एकच माणूस. बायकोने फर्मावले म्हणून तो धर्मादाय व्याख्यान द्यायला उभा आहे. स्वतः मात्र तंबाखू ओढतो! बायकोची संगीतशाळा, मुलींचे वसतिगृह, तिथली सगळी हमाली त्याच्याकडे. 1886 मध्ये चेकॉव्हने हे प्रथम लिहिले, तेव्हा तो बहुतांशी हसवणुकीचा मामला होता. पुढे पुन्हा पुन्हा त्याने त्यावर हात फिरवला. शेवटचा फिरवला 1902 मध्ये, म्हणजे तब्बल सोळा वर्षांनी.

मधल्या काळात बरेच घडले होते. ‘सीगल’ 1896 मध्ये पीटर्सबर्गला साफ पडले होते आणि दोनच वर्षांनी मॉस्कोत डोक्यावर घेतले गेले होते. 1897 मध्ये क्षयाचे निदान झाले. हवापालटासाठी तो दक्षिणेत याल्टाला राहत होता आणि 1901 मध्ये जिच्याशी लग्न केले ती अभिनेत्री ओल्गा क्निपर नाटकांसाठी मॉस्कोत होती. उरलेले दिवस मोजके आहेत, हे त्या डॉक्टरला कुणी सांगायला नको होते. तरीही त्याने दहा-पंधरा मिनिटांचा तो जुना विनोद पुन्हा हाती घेतला.

आता तंबाखू बाजूलाच राहतो. तेहतीस वर्षांचा संसार त्या माणसाच्या तोंडून बाहेर पडू लागतो. कुठेतरी लांब पळून जावे, सगळे विसरावे, असे तो बोलून जातो आणि लग्नातला तो जुना कोट अंगातून काढून पायदळी तुडवतो. तेवढ्यात विंगेत बायको दिसते. कोट पुन्हा अंगावर चढतो. व्याख्यान झाले असे तिला सांगा, अशी गयावया करून तो व्याख्यात्याच्या रुबाबात निघून जातो. प्रेक्षक हसतच असतात, पण घशात काहीतरी अडकलेले असते.

आपल्याकडे पुण्याच्या दिवाकरांनी, म्हणजे शंकर काशिनाथ गर्गे यांनी, 1911 पासून नाट्यछटा लिहिल्या. त्यांना वाट दाखवली ती ब्राउनिंग या इंग्रज कवीच्या स्वगतांनी. पण तिथेही बोलणारा एकटाच आणि बोलता बोलता उघडा पडणारा. ‘पंत मेले, राव चढले’ या चार शब्दांत एका घरातले मरण आणि दुसऱ्या घरातली बढती शेजारी बसतात.

म्हणून मुलांना मी एवढेच सांगतो. हुंडा हा विषय नव्हे. हुंड्याची यादी वाचायला बसलेला आणि चष्मा सापडत नाही म्हणून स्वतःच्याच लग्नाबद्दल बोलू लागलेला मामा, हा विषय. माणूस कोणत्या कामाला आला आहे ते ठरवा, आणि मग ते काम त्याला करू देऊ नका.

1904 च्या जुलैत जर्मनीतल्या बाडेनवायलर गावी चेकॉव्ह गेला तेव्हा तो अवघा 44 वर्षांचा होता. त्याची मोठी नाटके आज जगभर होतात. पण टेबल, पाण्याचा पेला आणि एक जुना कोट मिळाला, की तंबाखूवरचे ते व्याख्यान कोणत्याही गावच्या शाळेत होऊ शकते.