निंबाळचे गुरुदेव रानडे आणि कार्मेलचे संत

सोलापूरच्या सात रस्ता चौकातून दक्षिणेकडे निघणारा एक रस्ता विजापूरच्या दिशेने जातो. होटगीहून लोहमार्गही त्याच दिशेला वळतो आणि या मार्गावर निंबाळ नावाचे एक लहानसे स्थानक लागते. कोरडवाहू शेते, बाभळी आणि दूरवर पसरलेले माळरान यांपलीकडे तेथे पाहण्यासारखे काही नाही. तरीही सोलापूर, सांगली, विजापूर, बेळगाव या भागांतील असंख्य हिंदू भाविकांना हे गाव ठाऊक आहे, कारण गुरुदेव रामचंद्र दत्तात्रय रानडे यांचा आश्रम येथे आहे. आपल्या धर्मग्रामांत मात्र हे नाव क्वचितच ऐकू येते. नामस्मरणात आयुष्य वेचलेल्या या तत्त्वज्ञाने क्रुसाचे संत योहान आणि आविलाची संत तेरेजा यांची आपल्यापैकी पुष्कळांहून अधिक जवळून ओळख करून घेतली होती. म्हणून त्यांच्या जीवनाची माहिती आपणांस असावी असे वाटते.

रानडे यांचा जन्म ३ जुलै १८८६ रोजी जमखंडी येथे झाला. जमखंडी तेव्हा पटवर्धन घराण्याचे संस्थान होते. आज ते कर्नाटकातील बागलकोट जिल्ह्यात येते. मराठी आणि कानडी या दोन्ही भाषा तेथे घराबाहेर पाऊल टाकताच कानी पडत. ही गोष्ट पुढे फार उपयोगी पडली. १९०१ साली, वयाच्या पंधराव्या वर्षी, त्यांना उमदीचे श्री भाऊसाहेब महाराज देशपांडे यांचा अनुग्रह मिळाला. उमदी हे सांगली जिल्ह्याच्या जत तालुक्यातील गाव. भाऊसाहेब महाराज ब्राह्मण होते आणि त्यांचे गुरू निंबर्गी महाराज लिंगायत. त्या काळच्या सामाजिक रीतींचा विचार करता हा गुरुशिष्यसंबंध सामान्य नव्हता. रानडे ज्या परंपरेत वाढले तिच्या मुळाशीच एक कुंपण ओलांडलेले होते, हे ध्यानात ठेवावयास हवे.

या परंपरेची साधना दिसावयास साधी होती. गुरूने दिलेले ईश्वराचे नाव श्वासागणिक घ्यावयाचे आणि ठराविक वेळी एकाग्र होऊन बसावयाचे. संसार सोडण्याची आज्ञा नव्हती व भगवी वस्त्रेही नव्हती. रानडे यांनी हा नेम अखेरपर्यंत पाळला. पुढे ते प्राध्यापक झाले, विद्वान म्हणून गाजले, परंतु ज्या नामाने आरंभ केला ते नाम त्यांनी कधी बदलले नाही.

पुण्याच्या डेक्कन कॉलेजात त्यांचे उच्च शिक्षण झाले. बुद्धी असामान्य, परंतु शरीर अत्यंत दुर्बल. विद्यार्थिदशा संपते न संपते तोच दीर्घ आजाराने त्यांना गाठले. या दुखण्यातच नामस्मरण हे लहानपणीच्या संस्काराऐवजी त्यांचा प्राण बनले. १९१४ साली त्यांनी तत्त्वज्ञान घेऊन एम. ए. ची पदवी संपादन केली. त्याच वर्षी भाऊसाहेब महाराजांनी देह ठेवला.

पुण्यातील फर्ग्युसन महाविद्यालयात व नंतर सांगलीच्या विलिंग्डन महाविद्यालयात त्यांनी अध्यापन केले. प्राचीन ग्रीक तत्त्ववेत्त्यांचा त्यांचा अभ्यास सखोल होता. १९२६ साली उपनिषदांच्या तत्त्वज्ञानावरील त्यांचा इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध झाला आणि त्यांचे नाव देशाबाहेरही पोहोचले. योगायोग असा की, त्याच १९२६ साली पोप पायस अकरावे यांनी क्रुसाच्या संत योहानांना ख्रिस्तसभेचे आचार्य म्हणून घोषित केले. पुढे रानडे अलाहाबाद विद्यापीठात तत्त्वज्ञान विभागाचे प्रमुख झाले. १९४६ साली निवृत्त होईपर्यंत त्यांचे कार्यक्षेत्र तेथेच होते. सुट्टी लागली की मात्र ते निंबाळला येत. उत्तरेकडून रेल्वेने येणाऱ्यास त्या काळी होटगी जंक्शनवर मोठ्या गाडीतून उतरून मीटरगेजच्या लहान गाडीत बसावे लागे.

निंबाळला ध्यान, संतवचनांचे वाचन व पुन्हा ध्यान असा त्यांचा दिनक्रम असे. संतांची पदे म्हटली जात, त्यांवर थोडे बोलणे होई व पुष्कळ वेळ मौन असे. आहार अगदी अल्प होता. येणाऱ्या साधकांत शेतकरी होते, शिक्षक होते आणि वकीलही होते. मोठी प्रवचने देऊन लोक जमविणे हा त्यांचा स्वभाव नव्हता.

आता मुख्य विषयाकडे वळू. १९३३ साली त्यांचा ‘मिस्टिसिझम इन महाराष्ट्र’ हा इंग्रजी ग्रंथ प्रकाशित झाला. ज्ञानेश्वर, नामदेव, एकनाथ, तुकाराम व रामदास यांच्या ईश्वरानुभवाची मांडणी त्यात आहे. अशी मांडणी करणारे विद्वान तत्पूर्वीही होते. रानडे यांचे वेगळेपण असे की, त्यांनी आपल्या संतांना ख्रिस्ती संतांच्या पंगतीस बसविले, आणि ही पंगत मांडताना कोणाचे पान वरचे व कोणाचे खालचे हा हिशेब केला नाही. त्यांची भूमिका थोडक्यात अशी होती : ज्यांना ईश्वराचा साक्षात अनुभव आला ते सर्व, कोणत्याही देशातील व शतकातील असोत, एका चिरंतन समाजाचे घटक आहेत, वंश, जात आणि राष्ट्र यांचे पूर्वग्रह त्या समाजात शिरू शकत नाहीत.

तुकारामांवरील प्रकरणात याचे सर्वांत बोलके उदाहरण सापडते. तुकोबांच्या जीवनातील दुष्काळ, दिवाळे, पत्नीचा मृत्यू, लोकनिंदा हे सारे मराठी वाचकास परिचित आहे. परंतु त्याहून भयंकर असा एक काळ त्यांच्या अंतःकरणात येऊन गेला. देव भेटत नाही, मन ताब्यात राहत नाही, आपण फसलो की काय अशी शंका पोखरते, आणि तरीही दार ठोठावणे थांबविता येत नाही. तुकोबांच्या कितीतरी अभंगांत हा आकांत आहे. त्याला नाव देण्याची वेळ आली तेव्हा रानडे यांनी कार्मेलच्या एका संन्यस्त व्रतस्थाचा शब्द उचलला : आत्म्याची अंधारी रात्र.

हा शब्द ज्यांचा, ते क्रुसाचे संत योहान १५४२ साली स्पेनमध्ये जन्मले. संत तेरेजाबरोबर त्यांनी कार्मेल संघाच्या सुधारणेचे कार्य हाती घेतले आणि त्यामुळे त्यांच्याच संघबंधूंनी डिसेंबर १५७७ मध्ये त्यांना तोलेदो येथे कोंडले. जवळजवळ नऊ महिने ते एका अंधाऱ्या, अरुंद खोलीत होते. ऑगस्ट १५७८ मध्ये तेथून ते निसटले. त्यांची काही श्रेष्ठ काव्ये या कोठडीत जन्मली. पुढे त्यांनी उलगडून सांगितले की, प्रार्थनेतील सारा गोडवा आटून जातो, ईश्वराने पाठ फिरविली असे वाटते, तेव्हा प्रत्यक्षात तोच आत्म्याला शुद्ध करीत असतो. गंमत पाहा, ज्या दशकांत योहान स्पेनमध्ये हे लिहीत होते त्याच दशकांत पैठणला संत एकनाथ लिहीत होते. एकनाथांचा काळ १५३३ ते १५९९ आणि योहानांचा १५४२ ते १५९१. एकमेकांचे नावही त्यांच्या कानी गेले नसेल. १५७९ साली गोव्यास आलेले येशूसंघीय फादर थॉमस स्टीफन्स यांनी मराठी ओवी आत्मसात केली व १६१६ साली ‘ख्रिस्तपुराण’ छापले गेले. एका बाजूने फादर स्टीफन्स ओवीपर्यंत चालत आले. तीन शतकांनंतर दुसऱ्या बाजूने रानडे कार्मेलपर्यंत गेले.

या आदरात खुशामत नव्हती, हेही सांगितले पाहिजे. भारतातील भक्तिमार्ग ख्रिस्ती धर्माकडून उसना घेतलेला आहे, असे काही पाश्चात्त्य अभ्यासक त्या काळी मांडत असत. रानडे यांना हे मत मान्य नव्हते. दोन माणसांना एकच तहान लागली म्हणजे एकाने दुसऱ्याचे पाणी चोरले असे होत नाही, असा त्यांच्या विचाराचा रोख होता. प्रस्तुत लेखकास त्यांचे म्हणणे रास्त वाटते. ऋण दाखवून देण्याच्या भरात आपल्यापैकीही काहींनी शेजाऱ्याच्या श्रद्धेकडे केवळ नक्कल म्हणून पाहिले, हे नाकारता येणार नाही.

तसेच प्रत्येक दृष्टान्त व प्रत्येक चमत्कार त्यांनी डोळे मिटून स्वीकारला असेही नाही. अनुभव खरा की मनाचा खेळ, हे कशावरून ओळखावे, हा प्रश्न त्यांना सतत पडे. प्रकाश दिसला, नाद ऐकू आला, एवढ्यावर ते थांबत नसत. त्या माणसाची बुद्धी निर्मळ झाली का, आचरण शुद्ध झाले का, हे ते पाहत. नीतीवाचून साक्षात्काराचा दावा त्यांना मान्य नव्हता. संत तेरेजाने १५७७ साली लिहिलेल्या ‘आंतरिक दुर्ग’ या ग्रंथात आत्म्याच्या सात दालनांतून प्रवास घडविताना हीच कसोटी लावली आहे. नम्रता व शेजारप्रीती वाढली नसेल तर दृष्टान्तांवर विसंबू नये, असे ती आपल्या भगिनींना बजावते. हिंदी संतांच्या पदांचा ‘परमार्थसोपान’ रानडे यांनी १९५४ साली सिद्ध केला. त्यातही त्यांनी पायऱ्या मांडल्या आहेत व नैतिक तयारीची पायरी अगदी आरंभीच ठेवली आहे.

येथे एक अडचण आहे आणि ती झाकून ठेवणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. योहान व तेरेजा यांचा अनुभव रानडे यांनी मनापासून घेतला, पण तो अनुभव ज्या मातीत उगवला ती माती त्यांच्या ग्रंथात जवळजवळ नाही. पवित्र मिस्सा, साक्रामेंते, संघाचे आज्ञापालन, सर्वांत महत्त्वाचे म्हणजे क्रुसावर खिळलेला ख्रिस्त, यांच्याशिवाय योहानांची रात्र पुरती समजत नाही. त्यांच्या नावातच क्रूस आहे. त्यांच्या दृष्टीने ती रात्र म्हणजे प्रभूच्या त्यागलेपणात सहभाग होता. तुकोबांचा आकांत विठ्ठलाच्या भेटीसाठी होता आणि तोही त्यांच्या वारीपासून, कीर्तनापासून तोडता येत नाही. दोन्ही अनुभवांना एकच नाव दिले की साम्य उजळते, पण वेगळेपण काहीसे मागे पडते. रानडे तत्त्वज्ञ होते. अनेकांतून एक शोधणे हा त्यांचा धर्मच होता. आपण त्यांचे बोट धरून काही अंतर जाऊ शकतो, परंतु प्रत्येक वळणावर त्यांच्याशी सहमत होण्याची गरज नाही. त्यांनी तरी आपल्याशी सहमती कोठे मागितली होती?

तथापि या अडचणीची दुसरी बाजू अधिक बोचरी आहे. आपल्या कित्येक घरांत संत तेरेजा म्हणजे एक तसबीर आणि १५ ऑक्टोबरचा सण. संत योहान तर तेवढेही नाहीत. मौन, ध्यान, एकांत हे सारे हिंदूंचे, आपले म्हणजे मागण्याची प्रार्थना व गायन, असा समज आपल्या तरुणांत रुजला आहे. मग शांतीच्या शोधात ते भलतीकडे जातात आणि आपण त्यांना दोष देतो. ज्या ठेव्याचे मोल निंबाळच्या माळावर बसलेल्या एका हिंदू साधकाने ओळखले, तो ठेवा आपल्या शिकवणीच्या वर्गांत आपण किती वेळा उघडला?

दुसरीकडे रानडे यांनी स्वतःच्या शेजारच्या परंपरांनाही तितक्याच आस्थेने जवळ केले. कानडी संतांवरील आपल्या व्याख्यानांत त्यांनी वैष्णव हरिदास आणि वीरशैव शरण या दोघांनाही सामावून घेतले. सोलापूरकरांना हे विशेष जवळचे वाटावे, कारण बाराव्या शतकातील सिद्धराम याच शरणांपैकी होते. हिंदी संतांमध्ये तुळसीदास व सूरदास यांच्या शेजारी विणकर कबीर बसले आहेत. सर्व धर्म सारखेच, असा सोपा निष्कर्ष काढून रानडे मोकळे झाले नाहीत. प्रत्येक संताची भाषा शिकणे, त्याचे शब्द मूळ रूपात वाचणे, मग आपल्या साधनेशी ताडून पाहणे, हा त्यांचा कष्टाचा मार्ग होता.

६ जून १९५७ रोजी निंबाळ येथे त्यांचे देहावसान झाले. आठ वर्षांनी, २८ ऑक्टोबर १९६५ रोजी, पोप पॉल सहावे यांनी दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेचे ‘नोस्त्रा एताते’ हे घोषणापत्र प्रसिद्ध केले. अन्य धर्मांत जे सत्य व पवित्र आहे त्यातील काहीही ख्रिस्तसभा नाकारीत नाही, हे त्यात स्पष्ट झाले. आणि ख्रिस्ताची घोषणा करण्याचे आपले कर्तव्यही त्याच परिच्छेदात सांगितले गेले. त्या घोषणेपूर्वी तीन दशके एका हिंदू चिंतकाने आपल्या बाजूने हात पुढे केला होता, तेव्हा आपल्याकडे तो हात धरण्यास फारसे कोणी नव्हते.

रानडे यांचे भगवद्गीतेवरील व कानडी संतांवरील ग्रंथ त्यांच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झाले. प्राचीन मराठीचे अभ्यासक डॉ. शं. गो. तुळपुळे हे त्यांच्या शिष्यांपैकी एक होते. १९३३ चा तो मोठा ग्रंथ १९८३ साली अमेरिकेत न्यूयॉर्क राज्य विद्यापीठाच्या प्रकाशनाने नव्या नावाने पुन्हा काढला. निंबाळचा आश्रम आजही आहे आणि सोलापूरकडून साधक तेथे जातात. लोहमार्ग आता रुंद झाला आहे. होटगीला गाडी बदलण्यासाठी उतरावे लागत नाही.