आनंदीबाई जोशी यांचा अमेरिकेतला हिवाळा: थंड प्रदेशात राहायला जाणाऱ्या कुटुंबांसाठी

तुमच्या घरातलं कोणी शिक्षणासाठी, नोकरीसाठी किंवा लग्नानंतर थंड देशात राहायला निघालं आहे का? मग घरात सध्या जाड जॅकेट, थर्मल आणि बॅगेच्या वजनाची चर्चा चालू असेल. ती आवश्यकच आहे. पण त्याआधी एका मराठी मुलीची हकीकत वाचा. सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वी ती याच वाटेने गेली होती. डॉ. आनंदीबाई जोशी यांचं नाव तुम्ही पहिल्या भारतीय महिला डॉक्टरांपैकी एक म्हणून ऐकलं असेल. इथे आपण त्यांच्या आयुष्याकडे एक रुग्ण आणि घरापासून दूर राहणारी मुलगी म्हणून पाहणार आहोत.

कल्याण ते कलकत्ता

आनंदीबाईंचा जन्म ३१ मार्च १८६५ रोजी झाला. माहेर कल्याणचं, माहेरचं नाव यमुना. वयाच्या नवव्या वर्षी त्यांचं लग्न गोपाळराव जोशी यांच्याशी झालं. गोपाळराव टपाल खात्यात नोकरीला होते, वयाने बरेच मोठे आणि पत्नीने शिकलंच पाहिजे या मताचे होते. त्यांच्या बदल्यांबरोबर आनंदीबाईंनी अलिबाग, कोल्हापूर, मुंबई, भूज आणि शेवटी कलकत्ता असा प्रवास केला. चौदाव्या वर्षी त्यांना मुलगा झाला, पण अवघ्या दहा दिवसांत तो दगावला. त्याला योग्य वैद्यकीय उपचार मिळाले असते तर तो वाचला असता, ही सल त्यांच्या मनात राहिली आणि डॉक्टर होण्याची इच्छा तिथूनच पक्की झाली.

एक गोष्ट मात्र सहसा सांगितली जात नाही. कलकत्त्यात असतानाच आनंदीबाईंची प्रकृती बरी नव्हती. अशक्तपणा, सतत डोकेदुखी, मधूनमधून ताप आणि कधीकधी धाप, अशा तक्रारी होत्या. अमेरिकेतून थिओडिशिया कार्पेंटर या बाईंनी त्यांना औषधंही पाठवली होती, पण गुण आला नाही. म्हणजे ज्या शरीराने पुढे परक्या देशातला हिवाळा सोसला, ते निघतानाच थकलेलं होतं.

निघण्याआधी तपासणी का करावी

आजच्या काळात असं कोणी आमच्या दवाखान्यात आलं, तर आम्ही हिमोग्लोबिन, थायरॉइड, साखर, ड आणि ब१२ जीवनसत्त्व तपासू, छातीचा एक्सरे काढू आणि ताप कशामुळे येतो आहे ते शोधल्याशिवाय प्रवासाला होकार देणार नाही. तुम्हीही जाण्याच्या निदान दोन महिने आधी ही तपासणी करून घ्या. दात दाखवून घ्या, कारण अनेक देशांत दातांचे उपचार महाग पडतात. रोजची औषधं चालू असतील तर औषधाच्या मूळ नावासह डॉक्टरांची चिठ्ठी सोबत ठेवा. ब्रँडची नावं देशागणिक बदलतात. फ्लूची लस कधी घ्यायची हेही तेव्हाच विचारून ठेवा.

बोटीचा प्रवास आणि पहिला उन्हाळा

७ एप्रिल १८८३ रोजी आनंदीबाई कलकत्त्याहून बोटीने निघाल्या आणि ४ जूनला न्यूयॉर्कला पोहोचल्या. सोबत नवरा नव्हता. वय अठरा. शाकाहारी असल्याने बोटीवर जेवणाचे हाल झाले. बंदरावर त्यांना घ्यायला कार्पेंटरबाई स्वतः आल्या होत्या. आनंदीबाई त्यांना मावशी मानत. न्यू जर्सीतल्या रोझेल गावी त्यांच्या घरी आनंदीबाईंनी पहिले चार महिने काढले.

त्यांची ही एक गोष्ट फार चांगली झाली. त्या जूनमध्ये पोहोचल्या, त्यामुळे नवीन देश, भाषा, जेवण आणि रीतीभाती यांची ओळख उबदार दिवसांत आणि घरच्या मायेत झाली. तुमच्या हातात तारीख ठरवणं असेल तर लहान मुलं किंवा वयस्कर आईवडील यांना ऐन डिसेंबर-जानेवारीत नेऊ नका. थंडी हळूहळू वाढत गेली की शरीर, कपडे आणि घर या तिन्हींची तयारी होते. शिवाय तिथे एक तरी मावशी असू द्या. नातेवाईक असो, शेजारी असो किंवा महाराष्ट्र मंडळातलं ओळखीचं कुटुंब असो, रात्री दोन वाजता फोन करता येईल असं माणूस शोधून ठेवा.

खोली: धूर किंवा गारठा

ऑक्टोबर १८८३ मध्ये आनंदीबाई फिलाडेल्फियातल्या विमेन्स मेडिकल कॉलेजात दाखल झाल्या. डीन रेचल बॉडली यांनी त्यांना आपुलकीने सांभाळलं. पण पुढे हिवाळा सुरू झाला. तिथे जानेवारीत रात्रीचं तापमान शून्याखाली जातं. कल्याणला थंडी म्हणजे पहाटेपुरती गोधडी.

आनंदीबाईंच्या खोलीतली शेगडी नीट नव्हती, असं त्यांच्या चरित्रांतून दिसतं. ती पेटवली की खोली धुराने भरायची आणि विझवली की गारठा असह्य व्हायचा. त्यामुळे धूर किंवा थंडी यांतलं एक निवडावं लागे.

इथे आम्हाला थोडं थांबून सांगायचं आहे. बंद खोलीतला धूर फुफ्फुसांना त्रास देतो, हे तुम्हाला माहीत असेल. पण कोळसा, लाकूड किंवा गॅस अर्धवट जळाला की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही. डोकं दुखणं, मळमळ, गरगरणं, गुंगी येणं अशी लक्षणं दिसतात आणि झोपेतच माणूस जाऊ शकतो. हा धोका परदेशापुरता नाही. हिमाचल किंवा काश्मीरला सहलीला गेल्यावर बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवून कधीही झोपू नका. परदेशात घर भाड्याने घेताना हीटर कशावर चालतो, त्याची तपासणी कधी झाली आणि कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म आहे का, हे तीन प्रश्न घरमालकाला विचारा. भाडं किती हा चौथा प्रश्न.

साडी: शरीर काय म्हणतं आणि लोक काय म्हणतात

आनंदीबाई अमेरिकेतही साडीच नेसत. पण नऊवारीत पोटऱ्या उघड्या राहतात आणि तिथल्या थंडीत ते सोसवेना. म्हणून त्यांनी पाय घोट्यापर्यंत झाकणारी गुजराती पद्धतीची साडी नेसायला सुरुवात केली. आज ही गोष्ट किरकोळ वाटेल, पण त्या काळी तसं नव्हतं. घरून येणाऱ्या पत्रांत गोपाळराव कधी धीर देत, तर कधी राहणीवरून, पेहरावावरून कठोर शब्दांत बोल लावत. पत्र पोहोचायला काही आठवडे लागत. अभ्यास, थंडी आणि घरच्यांची नाराजी हे सगळं ती विद्यार्थिनी एकाच वेळी वाहत होती.

म्हणून निघण्याआधी घरात बसून मोकळेपणाने बोला. सून पँट घालेल, मुलगा कुंकू-गंधाशिवाय ऑफिसला जाईल, आजीला साडीखाली उबदार पायजमा आणि पायात मोजे-बूट घालावे लागतील. हे आधीच ठरलं की तिकडे गेल्यावर कोणाला शरीर आणि माणसं यांत निवड करावी लागत नाही.

कपड्यांचा नियम सोपा आहे. एका जाड कपड्यापेक्षा तीन पातळ थर बरे. आत अंगाला चिकटून बसणारा आणि घाम शोषून बाहेर टाकणारा, मध्ये लोकर किंवा फ्लीस, वर वारा-पाणी अडवणारा. ओला मोजा लगेच बदला. बाळाला घरात फार गुंडाळू नका, कारण जास्त उष्णता बाळाला धोक्याची असते. गाडीतल्या सीटवर पट्टा लावताना फुगीर जॅकेट काढा, पट्टा आवळा आणि मग वरून पांघरूण घाला. बोटं बधिर होऊन पांढरी पडली तर चोळू नका, आगीवर धरू नका. कोमट पाण्यात ठेवा आणि डॉक्टरांना दाखवा.

जेवण आणि ऊन

आनंदीबाईंनी परदेशातही शाकाहार सोडला नाही. शाकाहाराने माणूस दुबळा होतो असं नाही. पण आपल्या डाळी, भाज्या, ताक आणि घरचं वेळेवर जेवण सुटलं, त्यात अभ्यासाच्या ओढीने जेवणाच्या वेळा चुकल्या, की पोषण कमी पडतं. आज तुमची मुलगी होस्टेलवर ब्रेड, चहा आणि बटाट्यावर दिवस काढत असेल तर तेच होतं.

शाकाहारी व्यक्तींनी ब१२ आणि लोहाकडे लक्ष द्यावं. उत्तरेकडच्या देशांत हिवाळ्यात ऊन इतकं तिरपं पडतं की त्वचेत ड जीवनसत्त्व फारसं तयार होत नाही. आपल्या सावळ्या त्वचेला त्यासाठी जास्त ऊन लागतं, तेव्हा कमतरता लवकर येते. गोळी किती आणि किती दिवस घ्यायची ते रक्ततपासणी करून डॉक्टरांनी ठरवू द्या. थंडीत तहान लागत नाही, तरी पाणी पीत राहा. रक्तदाब किंवा हृदयविकार असलेल्यांनी लक्षात ठेवावं की थंडीने रक्तवाहिन्या आकसतात आणि दाब वाढतो. अशा व्यक्तीने फावड्याने बर्फ उपसण्याचं काम अंगावर घेऊ नये.

पदवी आणि आजार

११ मार्च १८८६ रोजी आनंदीबाई एम.डी. झाल्या. पदवीदान समारंभाला पंडिता रमाबाई इंग्लंडहून आल्या होत्या, गोपाळरावही तोवर अमेरिकेत पोहोचले होते. आनंदीबाईंचा प्रबंध हिंदूंमधल्या प्रसूतिशास्त्रावर होता. कोल्हापूर संस्थानाने अल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलच्या स्त्री विभागाचं काम त्यांना देऊ केलं. सगळं जुळून आलं होतं, पण शरीर खचलं होतं. त्यांना क्षय झाला होता.

थंडीमुळे क्षय झाला असं तुम्ही कुठे वाचलं असेल. ते बरोबर नाही. क्षय जंतूमुळे होतो आणि तो जंतू रॉबर्ट कॉख यांनी १८८२ मध्ये, म्हणजे आनंदीबाई निघण्याच्या आदल्याच वर्षी, जगाला दाखवला होता. पण हा जंतू अनेकांच्या शरीरात वर्षानुवर्षं निद्रिस्त राहू शकतो आणि प्रतिकारशक्ती घटली की जागा होतो. अपुरं पोषण, बंद खोली, थकवा, मनावरचा ताण हे सगळं त्याला मदत करतं. स्थलांतरानंतरच्या पहिल्या काही वर्षांत हा धोका जास्त असतो, म्हणून काही देश दीर्घ मुक्कामाच्या व्हिसासाठी क्षयाची तपासणी मागतात. आनंदीबाईंना जंतू कधी लागला हे आज कोणीच ठरवू शकणार नाही. त्यांच्यावर चालणारं औषधही त्या काळी नव्हतं. पहिलं परिणामकारक औषध, स्ट्रेप्टोमायसिन, १९४० च्या दशकात आलं.

१६ नोव्हेंबर १८८६ रोजी त्या मुंबईला उतरल्या. पुढे पुण्यात उपचार झाले, पण २६ फेब्रुवारी १८८७ रोजी त्या गेल्या. बाविसावा वाढदिवस महिन्यावर आला होता. कोल्हापूरच्या स्त्री विभागात त्यांना काम करताच आलं नाही. त्यांच्या अस्थी कार्पेंटरबाईंकडे पाठवण्यात आल्या. न्यूयॉर्क राज्यातल्या पोकिप्सी गावच्या दफनभूमीत त्या कुटुंबाच्या जागेत त्यांचा स्मृतिशिलाखंड आजही आहे.

डॉक्टरांकडे कधी जावं

• दोन आठवड्यांहून अधिक खोकला, संध्याकाळचा ताप, रात्री घाम, वजन घटणं किंवा थुंकीतून रक्त
• बंद खोलीत एकाच वेळी अनेकांचं डोकं दुखणं, मळमळणं (आधी सगळ्यांनी घराबाहेर पडा)
• वयस्कर व्यक्तीचं बोलणं अडखळणं, गुंगी, अंग गार पडणं
• छातीत दुखणं, धाप, दम्याचा वाढता त्रास
• हिवाळाभर उदास वाटणं, झोप आणि भूक बिघडणं, कोणाशी बोलावंसं न वाटणं

आज क्षय बरा होतो. नेहमीचा क्षय साधारण सहा महिन्यांच्या औषधांनी पूर्ण बरा होतो आणि आपल्याकडे सरकारी दवाखान्यात ही औषधं मोफत मिळतात. मात्र निदान वेळेवर व्हावं लागतं आणि त्यासाठी त्रास सांगावा लागतो.

दूर गेलेली मुलं घरच्यांना काळजी नको म्हणून बरं आहे एवढंच सांगतात. आनंदीबाईंचं पत्र घरी यायला आठवडे लागत होते. तुमचा व्हिडिओ कॉल क्षणात लागतो. पुढच्या वेळी कसा आहेस यावर थांबू नका. खोली गरम होते का, आज काय जेवलीस, खोकला किती दिवसांचा आहे, असे नेमके प्रश्न विचारा आणि उत्तर नीट ऐका.