समजून घ्या: विकासदर नेमका कशाशी ताडायचा? कुलाब्याचे खासदार चिंतामणराव देशमुख यांच्या आयुष्यातून

महाराष्ट्र पुढे की गुजरात? भारत पुढे की चीन? असे तक्ते फोनवर रोज येऊन पडतात. आकडे असतात, रंगीत बाण असतात. पण मोजणी कोणत्या वर्षापासून केली, महागाई वजा केली का आणि त्या राज्याच्या सीमेत नेमकं काय धरलं, हे बहुतेक वेळा लिहिलेलंच नसतं.

या तिन्ही प्रश्नांशी एकाच आयुष्यात गाठ पडलेला माणूस आपल्याच जिल्ह्यातला होता. १९५२ च्या पहिल्या लोकसभा निवडणुकीत कुलाबा मतदारसंघाने त्यांना दिल्लीला पाठवलं. कुलाबा म्हणजे आजचा रायगड. जिल्ह्याचं मुख्य ठिकाण तेव्हाही अलिबागच होतं. खासदाराचं नाव चिंतामण द्वारकानाथ देशमुख. तेव्हा ते देशाचे अर्थमंत्रीही होते.

वनस्पतिशास्त्रातून तिजोरीकडे

देशमुखांचा जन्म १४ जानेवारी १८९६ चा, महाडजवळच्या नाते गावातला. वडील रोह्याला वकिली करत. चिंतामणराव १९१२ मध्ये मुंबई विद्यापीठाच्या मॅट्रिकला पहिले आले आणि संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्तीही त्यांनाच मिळाली. पुढे केंब्रिजला गेले ते अर्थशास्त्र शिकायला नाही. वनस्पतिशास्त्र, रसायनशास्त्र आणि भूगर्भशास्त्र हे त्यांचे विषय. १९१८ मध्ये आयसीएसच्या परीक्षेतही पहिला नंबर.

नोकरी मिळाली मध्य प्रांत आणि वऱ्हाडात. तिथे त्यांनी जमीन महसुलाचा बंदोबस्त पाहिला, प्रांताचा अर्थविभाग सांभाळला. बंदोबस्त म्हणजे कुठली जमीन किती पिकते आणि तिच्यावर सारा किती, हे गावोगाव ठरवण्याचं काम. देशाचं उत्पन्न मोजण्याची सुरुवात एका अर्थाने इथूनच होते, असं मला वाटतं. १९३९ मध्ये ते रिझर्व्ह बँकेत आले आणि ऑगस्ट १९४३ मध्ये तिचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले.

१९४४ मध्ये अमेरिकेत ब्रेटन वुड्सला ४४ देश जमले. आंतरराष्ट्रीय नाणेनिधी आणि जागतिक बँक यांचा पाया तिथे घातला गेला. भारताच्या शिष्टमंडळात देशमुख होते. चलनाचे दर स्थिर ठेवणं एवढंच काम या संस्थांनी करू नये, गरीब देशांच्या विकासाचा उल्लेखही त्यांच्या उद्दिष्टांत असावा, यासाठी भारताने तिथे जोर लावला. पण कोण गरीब आणि किती, हे सांगायला आकडे लागतात. देशमुख गव्हर्नर असतानाच, १९४५ मध्ये, रिझर्व्ह बँकेत संशोधन आणि सांख्यिकी विभाग सुरू झाला. त्याच वर्षी ते कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेचे अध्यक्ष झाले.

शून्याच्या जवळचा आकडा

ब्रिटिश काळात देशाचं उत्पन्न किती वेगाने वाढलं? अर्थतज्ज्ञ एस. शिवसुब्रमण्यन यांनी नंतर केलेल्या हिशेबानुसार १९०० ते १९४७ या काळात ते वर्षाला साधारण ०.९ टक्क्याने वाढलं. लोकसंख्याही जवळपास तेवढीच वाढत होती. म्हणजे माणशी वाढ उरली ०.१ टक्का.

हा आकडा किती लहान आहे, हे एका सोप्या युक्तीने कळतं. ७० ला वाढीच्या दराने भागा. जे उत्तर येईल तितक्या वर्षांत उत्पन्न दुप्पट होतं. (इंजिनीअरिंगमध्ये लॉगरिदम शिकलेल्यांना हा ७० कुठून येतो ते आठवेल. इतरांनी चक्रवाढ व्याज आठवलं तरी चालेल.) ०.१ टक्का म्हणजे दुप्पट व्हायला ७०० वर्षं!

स्वातंत्र्यानंतर, १९४९ मध्ये, सरकारने राष्ट्रीय उत्पन्न समिती नेमली. प्रशांतचंद्र महालनोबिस अध्यक्ष, धनंजयराव गाडगीळ आणि व्ही. के. आर. व्ही. राव सदस्य. १९४८-४९ सालचं दरडोई उत्पन्न समितीने साधारण २५० रुपये काढलं. महिन्याचं नव्हे, वर्षाचं. १९५० मध्ये देशमुख अर्थमंत्री झाले आणि त्यानंतर समितीचे अहवाल आले. राष्ट्रीय नमुना पाहणीही १९५० मध्येच सुरू झाली.

३.६ टक्के: यश की नशीब?

पहिल्या पंचवार्षिक योजनेचा (१९५१-५६) बहुतेक सगळा काळ देशमुख अर्थमंत्री होते. उद्दिष्ट होतं वर्षाला २.१ टक्के वाढीचं. प्रत्यक्षात वाढ झाली ३.६ टक्के. आधीच्या अर्धशतकाच्या चौपट.

पण सुरुवातीचं वर्ष बघा. १९५०-५१ मध्ये पीक वाईट होतं, देशात अन्नधान्य पिकलं जेमतेम ५.१ कोटी टन. १९५५-५६ मध्ये ते ६.७ कोटी टनांच्या आसपास गेलं. मधल्या काळात पाऊस चांगला झाला. खड्ड्यातून मोजायला सुरुवात केली की चढ जास्त दिसतो. यालाच आधारवर्षाचा परिणाम म्हणतात. योजनेचं यश खोटं होतं असं नाही, पण ते सगळं योजनेचंच होतं असंही म्हणता येत नाही.

आता देशाबाहेर बघू. अर्थ-इतिहासकार अँगस मॅडिसन यांनी सगळ्या देशांचं उत्पन्न एकाच मापात आणलं. १९९० च्या किमती धरल्या, म्हणजे महागाई वजा झाली. डॉलरची क्रयशक्तीही सगळीकडे सारखी मानली. त्यांच्या हिशेबात १९५० मध्ये भारताचं दरडोई उत्पन्न ६१९ डॉलर होतं, दक्षिण कोरियाचं ८०० च्या आसपास आणि चीनचं ४५० च्या आसपास. हो, चीन आपल्या मागे होता. १९७३ मध्ये भारत ८५३ वर, चीन ८३८ वर आणि कोरिया २,८०० च्या वर.

म्हणजे त्या २३ वर्षांत भारताची माणशी वाढ वर्षाला १.४ टक्के, कोरियाची साडेपाच टक्क्यांच्या आसपास. दुप्पट व्हायला आपल्याला ५० वर्षं, त्यांना साधारण १३. इथेही एक मेख आहेच. १९५० हे कोरियात युद्ध पेटलेलं वर्ष, त्यामुळे त्यांचाही आधार खालचा. तेवढी सूट दिली तरी दरी बुजत नाही.

म्हणून देशमुखांच्या काळाकडे दोन्ही बाजूंनी बघावं लागतं. ब्रिटिश काळाशी ताडलं तर मोठी झेप, कोरियाशी ताडलं तर रांगणं.

मुंबई कुणाच्या हिशेबात?

अर्थमंत्री असताना देशमुखांनी १९५५ मध्ये इंपीरियल बँकेची स्टेट बँक केली, १९५६ मध्ये आयुर्विमा सरकारकडे घेतला. पण महाराष्ट्र त्यांना ओळखतो तो राजीनाम्यासाठी. जानेवारी १९५६ मध्ये मुंबई केंद्रशासित करण्याचा निर्णय जाहीर झाला, शहर पेटलं, गोळीबार झाले. मंत्रिमंडळात नीट चर्चा न होता निर्णय झाला आणि गोळीबाराची चौकशी झाली नाही, हे देशमुखांचे मुख्य आक्षेप. जुलैमध्ये ते मंत्रिमंडळातून बाहेर पडले. १९५७ मध्ये कुलाब्याची जागा काँग्रेसकडून शेतकरी कामगार पक्षाकडे गेली. अलिबागकरांना याचं नवल वाटायचं कारण नाही.

भाषेचा आणि अस्मितेचा तो लढा होता, हे खरंच. पण सीमा कुठे आखली यावर राज्याचं दरडोई उत्पन्नही ठरतं. मुंबई वेगळी राहिली असती तर आज तक्त्यांत दिसणारा महाराष्ट्र बराच खाली असता. आताही राज्याच्या सरासरीत मुंबई, ठाणे, पुणे एका टोकाला आणि गडचिरोली, नंदुरबार दुसऱ्या टोकाला आहेत.

पंतप्रधानांच्या आर्थिक सल्लागार परिषदेचा २०२४ मधला अभ्यास १९६०-६१ पासून, म्हणजे महाराष्ट्र राज्य झालं त्या वर्षापासून मोजतो. देशाची सरासरी १०० धरली तर महाराष्ट्राचं दरडोई उत्पन्न तेव्हा १३४ च्या आसपास होतं, २०२३-२४ मध्ये १५१. गुजरात ११८ वरून १६१ वर. पश्चिम बंगाल १२७ च्या वर होता, तो ८४ वर घसरला. पंजाबचं उदाहरण तर आधारवर्षाचा धडाच आहे: १९६०-६१ मध्ये १२०, हरितक्रांतीनंतर १९७०-७१ मध्ये १६९ आणि आता १०७. पहिल्या वर्षापासून मोजलं तर थोडी घसरण, दुसऱ्यापासून मोजलं तर कोसळणं. राज्य तेच आणि आकडेही तेच.

राजीनाम्यानंतर देशमुख विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष झाले, पुढे दिल्ली विद्यापीठाचे कुलगुरू. सांख्यिकी संस्थेचं अध्यक्षपद १९६४ पर्यंत त्यांच्याकडे होतं. १९६९ मध्ये ते राष्ट्रपतिपदाची निवडणूक लढले आणि हरले. संस्कृतात कविता करणं त्यांनी सोडलं नाही. २ ऑक्टोबर १९८२ रोजी हैदराबादला त्यांचं निधन झालं. कुलाबा जिल्ह्याचं नाव तोवर रायगड झालं होतं.